सटवाईची लेखणी

मूल जन्मास आल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते व त्याच्या कपाळी साऱ्या आयुष्याचा लेख लिहून जाते, अशी आपल्या महाराष्ट्रात फार जुनी समजूत आहे. त्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा करितात, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवितात, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका जागरण करितात. सकाळी कागद कोराच असतो. पण लेख लिहिला गेला याविषयी कोणास शंका नसते. आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती. आमच्या पाळण्यापाशी कोणी कागद ठेविला नाही. तथापि ही समजूत नुसती हसून सोडून देण्यासारखी आहे, असे आम्हांस वाटत नाही. मुलाच्या आयुष्याचा पुष्कळसा भाग त्याने डोळे उघडण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो, हे त्या भोळ्या बायांनी नीट पाहिले होते. त्यांची चूक असलीच तर ती एवढीच, की लिहिणारा हात कोणाचा हे त्यांनी ओळखले नाही. त्या हाताविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आणि त्यास एक निमित्तही आहे, ते पुढे येईलच.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पाऊस असा कोसळत होता की खालच्या पाड्यांवरची मुले शाळेपर्यंत येऊच शकली नाहीत. नववीच्या वर्गात जी थोडी मुले होती त्यांच्यापुढे आम्ही एका पत्र्याच्या डब्यात शंभर चिठ्ठ्या टाकिल्या. आजमितीस जगात वर्षाला सुमारे तेरा कोटी मुले जन्मास येतात. त्यांच्या वाटणीच्या स्थूल प्रमाणाने चिठ्ठ्यांवर नावे घातली होती: आफ्रिका खंडाच्या ३५, भारताच्या १७, चीनच्या ७, पाकिस्तानच्या ५, सबंध युरोपच्या ५, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ३, आणि उरलेल्या इतर देशांच्या. जपानच्या वाट्यास पुरी एक चिठ्ठीही येईना. तेथे दरसाल जन्मणारी मुले जगातील दोनशे मुलांत एकापेक्षा थोडीच अधिक. तेव्हा एक चिठ्ठी मधोमध फाडून अर्ध्या भागावर जपान असे लिहिले. मग मुलांस सांगितले, ‘तुम्ही अजून जन्मलेले नाही. एकेकाने यावे, हात घालावा, आणि आपला देश काढावा.’

मुलांस प्रथम मोठी गंमत वाटली. जो तो अमेरिका किंवा युरोप निघावे म्हणून डोळे मिटून पुटपुटत होता. बहुतेकांस आफ्रिका आली. दोघांतिघांस भारत आला, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजविल्या. ती अर्धी चिठ्ठी कोणाच्याच हातास लागली नाही. शेवटी वसतिगृहात राहणारी, मोखाड्याकडील एका पाड्यावरची मुलगी आली. तिच्या हातीही भारतच आला. पण ती टाळ्यांस हसली नाही. चिठ्ठी उलटसुलट करून पाहत तिने विचारिले, ‘सर, यावर नुसते भारत लिहिले आहे. कोणचा भारत? मुंबईतला की आमच्या पाड्यावरचा?’

त्या प्रश्नाचे उत्तर तासाची घंटा होईपर्यंत आम्हांस नीटसे देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करितो.

आधी देशादेशांतील अंतर पाहू. पाच वर्षांचे होण्यापूर्वी दगावणाऱ्या मुलांची गणना संयुक्त राष्ट्रांच्या संस्था दरसाल करितात. २०२२ साली अशी सुमारे ४९ लाख मुले गेली. जपानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोन किंवा तीन या वयात जातात. आफ्रिकेतील नायजर देशात शंभराहून अधिक. जपानातील मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ८४ वर्षे. चाड देशातील मुलाचे ५५ च्या आसपास. या दोन मुलांनी जन्मण्यापूर्वी कोणते पुण्य वा कोणते पाप केले होते? ब्रँको मिलानोविच नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने जगातील माणसांच्या मिळकतींचा हिशेब मांडून असे दाखविले आहे की, मिळकतींतील तफावतीपैकी निम्म्याहून अधिक भाग माणूस कोणत्या देशात राहतो एवढ्यावरूनच सांगता येतो. आणि बहुतेक माणसे ज्या देशात जन्मली त्याच देशात मरतात. म्हणजे ज्यास आपण कर्तबगारी म्हणतो, तिचा अर्ध्याहून अधिक हिशेब डब्यात हात घालितानाच होऊन गेलेला असतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. एका देशाच्या पोटातही किती देश असतात! सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे २०२० साली भारतात जन्मलेल्या हजार मुलांपैकी २८ आपला पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. मध्य प्रदेशात हा आकडा ४३, आपल्या महाराष्ट्रात १६, आणि केरळात अवघा ६. महाराष्ट्राचा आकडा वाचून आपली मान ताठ होते. पण सोळा हा सरासरीचा आकडा आहे. आणि सरासरी ही मोठी सोज्वळ बाई आहे, ती घरातील आजाऱ्यास पाहुण्यांपुढे येऊ देत नाही. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली, आणि मुंबईच्या मंत्र्यांस आपल्या या डोंगराची वाट तेव्हा शोधावी लागली. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दोहोंच्या मध्ये चोवीस वर्षे गेली. १९९२ साली वाचलेली मुलगी २०१६ साली स्वतः आई झाली असेल. तिच्या मुलाच्या कपाळीचा लेख तिच्याहून कितीसा निराळा होता, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आमच्या तालुक्यांचा आणखी एक लेख पाहा. येथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो सारा उतारावरून धावत सुटतो, आणि फाल्गुन-चैत्रात विहिरींचा तळ दिसू लागतो. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण उभे आहे. सुमारे १०२ मीटर उंचीचे हे धरण मुंबई महानगरपालिकेने बांधिले, आणि त्यातून मुंबईस दररोज ४५ कोटी लिटरांहून अधिक पाणी मिळावे अशी योजना आहे. मुंबईकरांस पाणी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. त्यांचीही मुले तहानलेली असतात. परंतु त्याच तालुक्यातील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगावयास नको. त्यांतील कित्येकांचे हंडे त्या रांगेत असतात. एकाच नदीच्या पाण्याने एका मुलाच्या न्हाणीघरात नळ वाहावा, आणि ज्या डोंगरात ते पाणी पडले त्या डोंगरातील मुलीने त्यासाठी शाळा बुडवावी! ही वाटणी सटवाईने केलेली नाही. ती नकाशावर रेघ ओढून माणसांनी केली.

आणि भात-नागली-वरईचे दिवस सरले, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे ओस पडतात. वरकस जमिनीत पिकलेले धान्य वर्षाला पुरत नाही; म्हणून माणसे भिवंडी, वाडा, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर. बरोबर मुलेही जातात; मागे ठेवावीत तर कोणापाशी? शाळेच्या पटावर नाव राहते, बाकावर जागा रिकामी राहते. अशा रिकाम्या जागेपुढे उभे राहून हजेरी घेणे कसे असते, ते आमच्या शिक्षकबंधूंस ठाऊक आहे.

आता निमित्त सांगतो. यंदाच्या बक्षीस-समारंभानंतर एक सुशिक्षित गृहस्थ, ज्यांच्या चिरंजीवांस दोन बक्षिसे मिळाली होती, आम्हांस म्हणाले, ‘सर, आमच्या मुलाने रात्ररात्र अभ्यास करून हे मिळविले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्याकरिता शाळेने आमच्या मुलांची जागा का अडवावी?’ त्यांचा रोख शाळेपुढे आलेल्या एका सूचनेवर होता. पुढील वर्षापासून दिवाळी ते उन्हाळ्याची सुटी या काळात, भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील वीस मुलामुलींस वसतिगृहात विनामूल्य ठेवून घ्यावे, अशी ती सूचना आहे. पालकसभेत तिचा निर्णय व्हावयाचा आहे. आम्ही तिच्या बाजूचे आहोत, हे लपवीत नाही.

त्या गृहस्थांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. त्यांच्या मुलाने खरोखरच कष्ट केले होते, आणि त्या कष्टांचे मोल कमी करणे हा अन्याय होईल. परंतु रात्ररात्र अभ्यास करण्यास रात्रभर जळणारा दिवा लागतो. पोटात अन्न लागते. ‘झोप आता’ म्हणणारी, पाटीवरील अक्षर वाचता येणारी आई लागते. बी उत्तम असले तरी ते खडकावर पडले तर काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. श्रमाने फळ मिळते हे खरे. पण श्रम करिता येणे हेही एक मिळालेले दान आहे.

कोणी म्हणतील, ज्याचे त्याचे पूर्वसंचित. त्यास आपण काय करणार? ही कल्पना एका धर्माचीच आहे असे नाही. येशूच्या शिष्यांनीही एका जन्मांधाकडे बोट दाखवून, हे कोणाच्या पापाचे फळ, त्याच्या की त्याच्या आईबापांच्या, असा प्रश्न त्यास केला होता. आणि त्याने दोन्ही पर्याय नाकारून आपले काम सुरू केले. दुर्दैवाचे मूळ शोधीत बसणे सुखवस्तू माणसास सोयीचे असते, कारण मूळ सापडेपर्यंत हात हलवावा लागत नाही.

लेख बदलता येतो, याचा पुरावा पाहिजे असल्यास तो इतिहासात भरपूर आहे. केरळातील त्रावणकोर आणि आमचे जव्हार, दोन्ही संस्थानेच. त्रावणकोरात १८१७ साली राणी गौरी पार्वतीबाई यांनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असे जाहीर केले. पुढे सरकारी, मिशनच्या व समाजाच्या शाळा मिळून मुलींपर्यंत अक्षर पोहोचले. २०२० सालचा तेथील हजारांतील सहा हा आकडा मातीतून उगवलेला नाही. त्यामागे लिहितावाचता येणाऱ्या आयांच्या कित्येक पिढ्या आहेत. सबंध जगाचेही तसेच. १९९० साली जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी ९३ पाच वर्षांच्या आत जात. २०२२ साली ३७. भारतात तेच प्रमाण १२६ च्या आसपास होते, ते ३० च्या जवळ आले. देवीचा रोग, ज्याने आपल्या आजी-पणजींच्या पिढीत घरोघरी पाळणे रिकामे केले, तो १९८० साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लस, स्वच्छ पाणी, सुईणीस शिक्षण, आईस सकस अन्न, या साध्या गोष्टींनी हे घडविले. आपल्या राज्यानेही १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशास वाट दाखविली, आणि २०१५ साली आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचे पुरे जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. म्हणजे सटवाईच्या लेखावर खाडाखोड करिता येते. आणि ती करणारे हात तुमच्याआमच्यासारखेच असतात.

विद्यार्थिमित्रहो, येथे तुम्हांस एका मुलाची हकीकत सांगतो. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथे १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईतो त्यास अक्षरओळख नव्हती. १८७५ साली बडोद्याची गादी रिकामी झाली; गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील मुले महाराणी जमनाबाईंपुढे नेण्यात आली, आणि त्यांतून गोपाळ दत्तक घेतला गेला. तोच सयाजीराव महाराज. चिठ्ठी याहून उघडपणे कोणाच्या हाती पडली असेल? दुसरा एखादा असता तर, हे माझ्या पुण्याईचे फळ, असे मानून सुखाने राहिला असता. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आणि १९१३ साली, ज्याच्या जातीमुळे शाळेतील पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची त्यास मनाई होती, अशा एका तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तो तरुण भीमराव आंबेडकर. पुढे देशाची घटना सिद्ध करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एका मुलास नशिबाने जे मिळाले ते त्याने आपल्यापाशी अडवून ठेविले नाही, म्हणून दुसऱ्याच्या बुद्धीस वाट मिळाली, आणि तिचा लाभ आज कोट्यवधींस होत आहे. आंबेडकरांचे कष्ट आंबेडकरांचेच होते; पण ती वाट नसती तर ते कष्ट कोठे गेले असते?

आमच्या स्वतःच्या घरातही अशीच एक चिठ्ठी आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्यास जुनी माणसे छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत, आमचे पणजोबा आठनऊ वर्षांचे असतील. आईबाप गेले होते. ते व त्यांचा धाकटा भाऊ अन्नछत्राच्या वाटेने चालत निघाले. धाकट्यास चालवेना. एका झाडाखाली त्यास बसवून, भाकरी घेऊन येतो असे सांगून पणजोबा पुढे गेले, आणि एका अनाथाश्रमाच्या गाडीत उचलले गेले. परत जाणे झाले नाही. ते शिकले, शिक्षक झाले, त्यांची मुले-नातवंडे शिकली, आणि आज आम्ही हा लेख लिहीत आहोत. म्हातारपणी ते जेवावयास बसले म्हणजे ताटातील पहिला तुकडा बाजूस काढून ठेवीत, आणि कोणी कारण विचारिले तर उत्तर देत नसत, असे आमचे आजोबा सांगत. थोरल्यापाशी धाकट्याहून अधिक काय होते? दोन वर्षांचे वय, आणि पायांत मैल-दोन मैलांचे अधिक बळ. एवढ्यावर आमची चार पिढ्यांची पदवी, पगार व प्रतिष्ठा उभी आहे. तेव्हा, आम्ही हे स्वतःच्या बळाने मिळविले, असे म्हणताना आमची जीभ अडखळते, याचे नवल वाटू नये.

आता सूचनेविषयी पालकांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वीस मुले आल्याने गर्दी होईल, हे खरे आहे. दोघांत एक कपाट वाटून घ्यावे लागेल. खर्च वाढेल, हेही खरे. त्यातील काही भाग शिक्षकांनी व काही माजी विद्यार्थ्यांनी उचलण्याचे ठरविले आहे, पालकांच्या फीत वाढ सुचविलेली नाही. सरकारी आश्रमशाळा व हंगामी वसतिगृहे आहेत, मग आम्ही कशास, असेही विचारिले जाते. ती आहेत व चांगले कार्य करितात. पण त्यांच्या दारापर्यंत न पोहोचणारी मुले आमच्या पटावर आहेत, आणि त्यांची रिकामी बाके आमच्याच वर्गात आहेत.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात न्याय ओळखण्याची एक युक्ती सांगितली आहे. समाजाचे नियम ठरविताना, आपण त्या समाजात कोण म्हणून जन्मणार हे आपणांस ठाऊक नाही असे समजून ते ठरवावेत. पालकसभेस येताना प्रत्येकाने हीच युक्ती करून पाहावी. क्षणभर असे धरावे की आपले मूल कोणते, बक्षीस घेणारे की भट्टीवर विटा उलथणारे, हे आपणांस ठाऊक नाही. चिठ्ठी अद्याप डब्यात आहे. मग हात वर करावा की खाली ठेवावा, ते ठरवावे. त्या वेळी जो निर्णय होईल तो आम्हांस मान्य आहे.

विद्यार्थ्यांस एकच सांगणे. ही वीस मुले आली तर त्यांच्याकडे दयेने पाहू नका. दयेच्या नजरेखाली कोणाचीही मान वर राहत नाही. त्यांस रानातील पाखरांची, कंदांची, पावसाच्या चिन्हांची जी माहिती आहे ती तुम्हांस नाही. आणि गणित तुम्हांस येते ते त्यांस येत नाही. दोन्ही बाजूंस देण्यासारखे आहे. आणि जव्हारच्या राजवाड्यावर सहल नेऊ तेव्हा एक गोष्ट ध्यानात असू द्या. तेथे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत राज्य करणारे मुकणे राजे हेही महादेव कोळीच होते. त्याच समाजाची मुले त्याच डोंगरात नागलीच्या भाकरीस महाग झाली. रक्त तेच, डोंगर तोच. निराळे होते ते केवळ छप्पर.

त्या पावसाळी तासाची मुलगी यंदा दहावीस बसत आहे. तिचे आईबाप भट्टीवर आहेत. ती येथे आहे, कारण तीन वर्षांपूर्वी वसतिगृहात एक जागा रिकामी निघाली. तिच्या धाकट्या भावाकरिता जागा नव्हती; तो भट्टीवर गेला. तिची ती चिठ्ठी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात जपून ठेविली आहे. तिच्यावर अजून नुसते भारत असेच लिहिलेले आहे. पुढचा शब्द लिहावयाचा राहिला आहे, आणि पालकसभेची तारीख जवळ आली आहे.